तात्या जागे होते

आमच्या भागात ‘नाशिकला हलवलं’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. बायका चुलीवरचं उतरवून ठेवतात, बाप्ये पारावर गोळा होतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, “पैशाची सोय झाली का?” आजार कोणता, हे नंतर. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. नाशिक तिथून चाळीसेक किलोमीटर. एरवी हा रस्ता तासाभराचा. आजारी माणूस गाडीत घातला की मात्र चांदोरीसुद्धा लवकर येत नाही.

२०१५ च्या डिसेंबरात मी आमच्या तात्यांना असंच घेऊन गेलो. तात्या म्हणजे माझे वडील. तेव्हा वय सदुसष्ट. त्यांना झटका आलेला नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आठ महिन्यांपासून बांध चढताना, पाण्याची बारी द्यायला भरभर चालताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं बसले की पाटा उतरायचा. घरी कुणाला बोलले नाहीत. एकदा द्राक्षांच्या छाटणीला आलेल्या मजुरांनी त्यांना छाती धरून बसलेलं पाहिलं, तेव्हा आम्हाला कळलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद काढला, जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि नाशिकचं एक नाव दिलं. त्या हॉस्पिटलचं नाव मी इथे घेणार नाही. एका नावावर खापर फोडलं की बाकीच्या सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. त्या सगळ्यांत मीही आहे.

पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. “ॲन्जिओग्राफी करून घेऊ,” डॉक्टर म्हणाले. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढायचा. तात्या कपडे घालत होते तेवढ्यात मी टेबलाशी वाकून डॉक्टरांना म्हणालो, “साहेब, काय असेल ते मला सांगा. त्यांना काही सांगू नका. घाबरतील.” डॉक्टरांनी मान हलवली. हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो. तात्यांनी नंतर आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना आत नेलं. बाहेर एका मुलाने माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. इंग्रजी. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी मास्तर माणूस, वर्गात पोरांना ‘न वाचता सही करू नका’ असं सांगणारा. सहा फुल्यांवर सहा सह्या केल्या. पंधरा-वीस मिनिटांनी नाव पुकारलं. काचेच्या खोलीत पडदा, पडद्यावर काळ्या वेली हलताहेत. डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा जड अंगरखा, तोंडाला मास्क. बोट ठेवून म्हणाले, “हे बघा, इथे नव्वद टक्के. इथे ऐंशी. दोन स्टेंट लागतील. आत्ताच टाकून घेऊ, पुन्हा तार घालायला नको, खर्च वाचेल.”

मी म्हटलं, “घरी विचारून सांगतो.”

“किती वेळ लागेल? पेशंट टेबलावर आहे.”

“आणि नाही टाकलं तर?”

“तर तुमची जबाबदारी.”

या पाच अक्षरी शब्दापुढे मी काय बोलणार? थोरल्या भावाला फोन लावला, तो म्हणाला, “साहेब म्हणतील तसं.” पाच मिनिटांत अडीच लाखांच्या दोन नळ्यांना मी हो म्हणालो. सगळं मिळून बिल तीन लाख ऐंशी हजार झालं. पतसंस्थेतली ठेव मोडली, उरलेले व्यापाऱ्याकडून उचल घेतली. पिशवीत केशरी रेशनकार्ड होतं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर लागू होती, तीत हृदयाच्या शस्त्रक्रिया होत्या. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, तो कार्ड बघतो. आमचं हॉस्पिटल योजनेत नव्हतं. ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तात्या चौथ्या दिवशी घरी आले. छातीवरचा पाटा गेला. बांध चढू लागले. सगळा गाव म्हणाला, मास्तरांनी बापाला वाचवलं. मलाही तसंच वाटत होतं. पंधरा दिवसांनी ओट्यावर बसलो असताना तात्या एकदम म्हणाले, “मी जागा होतो रे.”

“कव्हा?”

“तिथं. टेबलावर. हाताला भूल दिली व्हती, डोक्याला नाही. समदं ऐकू येत व्हतं. तो साहेब बाहेर गेला, तुह्याशी बोलला, आन् आत येऊन म्हणला, पोरगा हो म्हणतोय. छाती मही. मी तिथं बोलता-चालता पडलेलो. मला का नाही विचारलं?”

मी म्हणालो, तुम्ही घाबरला असता. तात्या म्हणाले, “पासष्टची लढाई चालू व्हती तव्हापासून शेती करतो. गारपिटीत अख्खी बाग गेलेली पाह्यली दोनदा. मी घाबरलो असतो, मान्य. मंग घाबरून काहीतरी ठरवलं असतं. पण मी ठरवलं असतं. तूच तर त्याला सांगितलं, म्हाताऱ्याला सांगू नका. मी कपडे घालत व्हतो, बहिरा नव्हतो.”

त्या दिवसापासून हा लेख माझ्या मानेवर बसलेला आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनबद्दल आपल्या खेड्यापाड्यांत जी चीड साठलेली आहे, ती त्यांच्या हाताबद्दल नाही. हात तयार आहेत. चीड आहे ती न विचारण्याची. आणि त्या न विचारण्यात आपण नातेवाईक अर्ध्या वाट्याचे भागीदार आहोत.

आता यावर जी उत्तरं मिळतात, ती एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: वेळ नसतो. झटका आलेला असेल तर हे शंभर टक्के खरं आहे. नळी पूर्ण बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. तेव्हा तालुक्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळो नाहीतर नाशिकला स्टेंट पडो, जो उशीर करील तो गुन्हेगार. माझ्या गावचा कुणी माणूस घाम फुटून, छाती धरून पडला तर मी त्याच्या उशाशी बसून चर्चा करणार नाही, १०८ ला फोन करीन. पण तात्यांचं तसं नव्हतं. दम लागला की दुखायचं, बसलं की थांबायचं. अशा स्थिर दुखण्यावर जगात मोठे अभ्यास झालेले आहेत. २००७ साली एक प्रसिद्ध झाला. २०२० साली त्याहून मोठा झाला, ३७ देशांतल्या ५,१७९ रोग्यांचा. दोन्हींनी जवळपास तेच सांगितलं: नीट औषधं चालू असतील, तर अशा रोग्यांत आधी स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, आणि ज्यांना ते रोज छळत होतं त्यांचं जगणं सुधारलं. मुख्य नळीच अरुंद असलेले रोगी यात धरलेले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी.

म्हणजे तात्यांना स्टेंट घातले ते चूक होतं असं मी म्हणत नाही. त्यांचा पाटा उतरला, हे खरं आहे. पण ‘हे दुखण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी नाही, औषधं घेऊन महिनाभर थांबलात तरी चालेल’ ही दोन-तीन वाक्यं त्या दिवशी बोलायला हवी होती, आणि ती माझ्याशी नाही, टेबलावरच्या माणसाशी. त्याऐवजी ‘तुमची जबाबदारी’ हा शब्द फेकला गेला. ज्याला वेळ नसतो तो घाई करतो, हे समजू शकतं. वेळ असताना घाई करणं ही वेगळी चीज आहे.

दुसरं उत्तर: खेड्यातल्या माणसाला काय कळतं? हे उत्तर मी मोठमोठ्या सोफ्यांवर बसलेल्या माणसांकडून ऐकलंय. त्यांना मी आमच्या शिवारात बोलावतो. आमच्याकडे चौथी शिकलेला शेतकरी युरोपला द्राक्षं पाठवतो. कुठलं औषध फवारल्यावर किती दिवसांनी काढणी करायची, उर्वरित अंश किती निघाला तर कंटेनर परत येतो, हे त्याला तोंडपाठ असतं. ठिबकची नळी क्षाराने तुंबली की ॲसिड सोडायचं की नळी बदलायची, हे तो पाण्याचा रिपोर्ट बघून ठरवतो. नळी, तुंबारा, दाब, प्रवाह हे शब्द तुमच्या कॅथलॅबच्या आधी आमच्या वावरात आले आहेत. ज्याला बागेची नळी कळते त्याला छातीतली कळत नाही, असं म्हणणाऱ्याला समजवायची इच्छाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि समजवणारे आहेत. सिन्नरच्या माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. सिन्नर म्हणजे बिड्यांचं गाव. मावशी जन्मभर बिड्या वळायची आणि हा पोरगा पंधराव्या वर्षापासून ओढायचा. चाळिशीत चालताना पोटरी भरून यायला लागली, मग पायाचा अंगठा काळा पडला. रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवून बसायचा, तेवढाच आराम. तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होण्याचा हा आजार. लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरने १९०८ साली तो नीट लिहून ठेवला म्हणून त्याचं नाव पडलं. आपल्याकडे तो बिडी ओढणाऱ्या तरण्याताठ्या पुरुषांना गाठतो.

आम्ही त्याला नाशिकच्या रक्तवाहिन्यांच्या एका सर्जनकडे नेलं. मी सवयीने पुढची खुर्ची धरली. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, तुम्ही जरा मागं बसा. पाय कुणाचा आहे?” मग औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी पाट काढला, पाटाच्या चाऱ्या काढल्या. “पाट फुटला तर मी दुसरा पाट जोडून देतो, त्याला बायपास म्हणतात. तुझा पाट चांगलाय. तुझ्या शेवटच्या चाऱ्या बुजल्यात. जोडायचा तर कुठं जोडू? खाली धरायला टोकच नाही. आता अंगठा जाईल. बिडी आज सुटली तर पाय वाचायची आशा आहे. नाही सुटली तर पाय जाईल. वाचेलच असं मी सांगत नाही.” तो म्हणाला, “साहेब, ऑपरेशन करून टाका ना.” डॉक्टर म्हणाले, “केलं तर माझं बिल होईल, तुझं काम नाही होणार.”

अंगठा गेला. त्याने बिडी सोडली, दोन महिन्यांनी पुन्हा धरली, पुन्हा सोडली. वर्षाने गुडघ्याखालून पाय गेला. आज तो बस स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवतो, जयपूर फूट लावून. त्या डॉक्टरांबद्दल कुणी वाकडं बोललं तर कुबडी उगारतो. “मला खरं सांगणारा तोच एक,” म्हणतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तात्यांचं ऑपरेशन यशस्वी झालं, आणि त्यांच्या मनात सल राहिला. मावसभावाचा पाय गेला, आणि त्याच्या मनात कृतज्ञता आहे. लोक निकालावरून डॉक्टरला जोखतात, असं डॉक्टरमंडळी म्हणतात. माझ्या घरातले दोन माणसं त्याच्या उलट साक्ष देतात.

तिसरं उत्तर: नातेवाइकाची सही घेतली म्हणजे झालं. नाही झालं. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात निकाल दिला. एका बाईला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन उरकलं. न्यायालय म्हणालं, रोगी सज्ञान आहे, तो शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवावर बेतलेलं नव्हतं, तेव्हा आईची संमती चालणार नाही. तपासणीची परवानगी म्हणजे उपचाराची परवानगी नव्हे. दोन्हींची परवानगी एकदम घ्यायची तर आधीच, समजावून, त्या रोग्याकडून घ्या. ती बाई निदान बेशुद्ध तरी होती. आमचे तात्या जागे होते.

चौथं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, ते पैशाचं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०, कर वेगळा. त्यामागे बीरेंद्र सांगवान या वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका होती. पेपरातली ती बातमी तात्यांनी मोठ्याने वाचली आणि बोटांवर हिशेब केला, “दोन नळ्यांचे एकोणसाठ हजार दोनशे. आपून अडीच लाख दिले.” पुढे काही बोलले नाहीत. ज्या वस्तूवर एवढा नफा असतो, ती वस्तू टेबलावरच्या माणसाला सावकाश समजावून सांगणारी व्यवस्था तयार होईल कशी? हे मी एकटाच म्हणत नाही. आमच्या लासलगावला अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत: प्रामाणिक डॉक्टरांची’ लिहिलं, त्यात डॉक्टरच कट प्रॅक्टिसबद्दल आणि हॉस्पिटलच्या मालकाने दिलेल्या टार्गेटबद्दल सांगतात. प्रामाणिक डॉक्टरचीही यात घुसमट आहे, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

नाशिकची आणखी एक गंमत. महाराष्ट्रातले बहुतेक डॉक्टर ज्या विद्यापीठातून बाहेर पडतात, ते १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच म्हसरूळला आहे. शालिमारला सरकारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे हृदयावर उपचार होतात, हे निम्म्या जिल्ह्याला माहीत नाही. सुरगाणा, पेठचा माणूस अजून आधी जमीन गहाण टाकतो आणि मग नाशिकची चौकशी करतो. रोग्याशी कसं बोलावं, हे डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात देशभर रीतसर आलं २०१९ च्या बॅचपासून. म्हणजे आज आपल्या छातीवर हात ठेवणारे बहुतेक सर्जन ते न शिकता आले. त्यांना दोष देऊन काय उपयोग? पण आता शिकायला कुणी मनाई केली आहे का?

आता आपली पाळी. आपण डॉक्टरला देव म्हणतो. देवाला प्रश्न विचारायचा नसतो, नवस बोलायचा असतो. नवस फळला नाही की त्याच देवाच्या काचा फोडायला गाड्या भरून माणसं नाशिकला जातात. दोन्ही वेळेला आपण प्रश्न विचारणं टाळतो. आणि घरातल्या म्हाताऱ्याला, बाईला तर आपण माणसातच धरत नाही. बापाच्या छातीचं पोरगा ठरवतो, बाईच्या पोटाचं नवरा ठरवतो. डॉक्टरने माझ्या बापाला विचारलं नाही, कारण मीच त्याला तसं सांगितलं होतं. मी ‘सांगू नका’ म्हणालो आणि त्याचं काम सोपं झालं.

२०२२ च्या पावसाळ्यात तात्यांना पुन्हा थोडं भरून यायला लागलं. या वेळी दुसरे डॉक्टर. ते माझ्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली आणि तात्यांची पुढे केली. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. नाही केलं तर काय होईल? केलं तर काय होऊ शकतं? तुमचा बाप असता तर काय केलं असतं? डॉक्टर आधी हसले, मग पेन खाली ठेवून वीस मिनिटं बोलले. तात्या म्हणाले, “मंग गोळ्या वाढवा. आता तार नको.”

ते आणखी चौदा महिने जगले. बागेत जायचे, सावकाश चालायचे. एका पहाटे झोपेतच गेले. भावकीत अजून कुणी कुणी म्हणतं, मास्तरांनी हलगर्जीपणा केला, नाशिकला हलवायला पाहिजे होतं. तो निर्णय बरोबर होता की चूक, मला सांगता येत नाही. पण तो तात्यांचा होता, आणि तो करताना त्यांचा आवाज कापत नव्हता.

तुम्ही कुणाला घेऊन नाशिकला निघाला असाल, तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत टाका. योजना लागू आहे का, हे केसपेपर काढायच्या आधी विचारा. दरपत्रक लावणं दवाखान्यांना २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे, ते कुठे लावलंय ते बघा. कागदपत्रं मागितली की ७२ तासांत मिळायला हवीत, ती मागा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर लाजू नका. आणि डॉक्टरसमोर गेलात की पुढच्या खुर्चीवर तुम्ही बसू नका. ती आजारी माणसाची आहे.